उष्ट्या हवेचा इतिहास

बुडालेल्या मनुष्यास पाण्याबाहेर काढल्यावर मृत केव्हां समजावें, हा प्रश्न संघटितपणें हातीं घेतला तो कालव्यांच्या शहरानें, आम्स्टरडॅमनें. १७६७ सालीं तेथें बुडालेल्यांच्या बचावार्थ एक मंडळी स्थापन झाली. अंग शेकणें, चोळणें, तोंडावाटें श्वास फुंकणें हे तिचे उपाय. आणि त्यांच्याच जोडीला गुदद्वारें तंबाखूचा धूर पोंचविणें हाही! पुढें १७७४ मध्यें विल्यम हॉज व टॉमस कोगन यांनीं लंडनांत तशीच संस्था काढली. बुडालेला देह विनाविलंब आणून देणाऱ्यास हॉजनें वर्षभर पदरमोड करून बक्षीस दिलें. लोक ज्यास प्रेत म्हणत, त्याच्यासाठीं पैसे मोजणारा हा गृहस्थ आम्हांस मोठा वाटतो.

ब्रोडीनें १८११ त तंबाखूचा हृदयावरील विषारी परिणाम दाखविल्यावर धुराचा उपाय मागें पडला. तें योग्यच झालें. पण तोंडानें श्वास देण्याची रीतही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत टाकून देण्यांत आली, याचें मात्र नवल वाटतें. १७३२ सालीं स्कॉटलंडांत टॉसक नांवाच्या शस्त्रवैद्यानें गुदमरलेल्या खाणकामगारास याच रीतीनें शुद्धीवर आणलें होतें, व १७४० त पॅरिसच्या विज्ञान-अकादमीनें तिची शिफारस केली होती. मग घात कोणीं केला? आमच्या मतें, बऱ्याच अंशीं अर्धवट ज्ञानानें. १७७० नंतर प्राणवायूचा शोध लागला, आणि बाहेर टाकलेला श्वास म्हणजे उष्टी, निःसत्त्व हवा, असें विद्वानांस वाटूं लागलें. आपल्याकडे विटाळ शास्त्रीबोवांनीं सांगितला, तिकडे तो प्रयोगशाळेंतून निघाला म्हणावयाचा! भात्याची शुद्ध हवा पसंत पडली. भात्यानें फुप्फुसांस इजा होते असें दिसल्यावर तोही गेला. उरलें तें अंग दाबणें व हात हलविणें : सिल्व्हेस्टरची १८५८ ची रीत, शेफरची १९०३ ची. सुइणी तेवढ्या नवजात बालकाच्या तोंडांत फुंकर घालीत राहिल्या.

वस्तुतः ताज्या हवेंत प्राणवायु शेंकडा २१, तर उच्छ्वासांत सुमारें १६. तेवढा जीव धरण्यास पुरतो. हा साधा हिशेब पटण्यास १९५० नंतरचें दशक उजाडावें लागलें. जेम्स एलम यांच्या कार्यास जोडून पीटर सफार यांनीं, औषधानें स्नायू शिथिल केलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग केले. पाठ दाबून वा हात उचलून पुरेशी हवा आंत जात नाहीं, कारण जीभ मागें पडून घसा बंद होतो. डोकें मागें कलवून, हनुवटी उचलून तोंडानें श्वास दिला म्हणजे ती जाते, असें त्यांनीं दाखविलें. १९६० त बाल्टिमोरच्या संशोधकांनीं छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. हृदय एकाएकीं बंद पडलेल्या प्रौढाची छाती नुसती दाबीत राहिलें तरी चालेल, असें आज शिक्षण न घेतलेल्या साहाय्यकास सांगतात. बुडालेल्यास मात्र श्वासही द्यावा लागतो.