नकाशा, चित्रकार आणि संपादक : रिचर्ड एड्स हॅरिसन यांची युद्धकालीन नकाशाचित्रे

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला नकाशा बहुधा साधन म्हणूनच परिचित असतो. लढाई कोठे झाली, सरहद्द कोठून गेली, सैन्य कोणत्या घाटाने उतरले हे पाहण्यासाठी तो उघडला जातो व काम होताच मिटला जातो. तो कोणी काढला, कोणाच्या सांगण्यावरून काढला आणि कोणासाठी काढला, हे प्रश्न कागदपत्रांच्या बाबतीत जितक्या काटेकोरपणे विचारले जातात तितक्या काटेकोरपणे नकाशाच्या बाबतीत विचारले जात नाहीत. वास्तविक नकाशा हाही एक दस्तऐवजच आहे. नियतकालिकाच्या संपादकाने चित्रकाराकडून मागवून घेतलेला नकाशा तर दुहेरी अर्थाने दस्तऐवज ठरतो. त्यात भूमीची माहिती असते आणि त्या क्षणी वाचकाला काय दिसावे याविषयीचा एक निर्णयही असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी रिचर्ड एड्स हॅरिसन (१९०१–१९९४) यांनी काढलेल्या नकाशाचित्रांचा या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

चित्रकाराने नकाशा काढणे ही गोष्ट विसाव्या शतकात नवी नव्हती. फ्रेड रोझ याने १८७७ मध्ये रशिया–तुर्कस्तान युद्धाच्या वेळी युरोपचा जो विनोदी नकाशा काढला, त्यात रशिया हा शेजाऱ्यांच्या गळ्याभोवती सोंडा टाकणारा अष्टपाद आहे. मॅकडोनाल्ड गिल याने १९१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी काढलेला शहराचा नकाशा गमतीदार आकृत्यांनी भरलेला आहे. परंतु या दोन्ही उदाहरणांत पाहणाऱ्याला आपण चित्र पाहत आहोत याची जाणीव राहते. रोझचा अष्टपाद कोणी भूगोल म्हणून वाचत नाही. हॅरिसन यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे चित्र भूगोल म्हणूनच वाचले गेले, आणि म्हणूनच ते अधिक प्रभावी व अधिक वादग्रस्त ठरले.

मासिकाची मागणी

हॅरिसन हे येल विद्यापीठातील प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञ रॉस ग्रॅनव्हिल हॅरिसन यांचे पुत्र. त्यांचे स्वतःचे शिक्षणही येल येथेच, प्रथम विज्ञानाचे आणि नंतर वास्तुकलेचे झाले. १९३० मध्ये वास्तुकलेची पदवी घेऊन ते बाहेर पडले तेव्हा महामंदी सुरू झालेली होती. इमारती उभ्या राहत नव्हत्या, त्यामुळे मिळेल ते रेखाटनाचे काम करणे भाग होते. अशातच १९३२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकासाठी एक नकाशा काढून देण्याचे काम त्यांच्याकडे आले. नकाशाशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. पुढे आयुष्यभर नकाशे काढूनही स्वतःस ‘नकाशाकार’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘चित्रकार’ म्हणवून घेणे त्यांना अधिक पसंत होते. यात विनयापेक्षा स्वातंत्र्याची आकांक्षा अधिक असावी. नकाशाकाराला परंपरा पाळावी लागते, चित्रकाराला ती मोडण्याची मुभा असते.

१९३५ पासून ते ‘फॉर्च्यून’ मासिकाशी निगडित झाले. हेन्री ल्यूस यांनी १९३० मध्ये सुरू केलेल्या या मासिकाच्या अंकाची किंमत एक डॉलर होती. मंदीच्या काळात ही रक्कम सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. मासिकाचा वाचक कारखानदार, बँकर, सरकारी अधिकारी अशा वर्गातील होता. पाने आकाराने मोठी, सुमारे ११ इंच × १४ इंच, आणि छपाई रंगीत व उत्तम. समोरासमोरची दोन पाने मिळाली तर चित्रकाराला एखाद्या भित्तिपत्रकाएवढी जागा मिळे. दैनिकाच्या दोन स्तंभांत बसवायच्या काळ्या-पांढऱ्या नकाशात जे शक्य नव्हते ते येथे शक्य झाले. हॅरिसन यांच्या शैलीचा विचार करताना या भौतिक सोयीकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

उत्तर दिशा वर का?

हॅरिसन यांच्यासमोर जो नकाशा होता तो मर्केटर प्रक्षेपणाचा. मर्केटरने १५६९ मध्ये तो दर्यावर्दींसाठी तयार केला. होकायंत्राची एकच दिशा धरून चालणाऱ्या जहाजाचा मार्ग या नकाशावर सरळ रेषेने दाखविता येतो आणि त्या कामासाठी तो आजही चोख आहे. मात्र तो शाळेच्या भिंतीवर गेला आणि अनर्थ झाला. ध्रुवांकडील प्रदेश त्यात अवास्तव फुगतात. आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठे असताना दोन्ही सारखेच दिसतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, अशा नकाशात अमेरिका मध्यभागी ठेवली की तिच्या दोन्ही बाजूंना दोन विशाल महासागर पसरलेले दिसतात आणि उत्तर ध्रुवाकडून येणारी वाट तर दिसतच नाही. युरोपातील भांडणाशी आपला संबंध नाही असे मानणाऱ्या अमेरिकी अलिप्ततावादाला या चित्राने एक दृश्य आधार पुरविला होता. अलिप्ततावाद नकाशामुळे निर्माण झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याची मुळे पहिल्या महायुद्धाच्या अनुभवात व अंतर्गत राजकारणात होती. पण समुद्र हाच तट आहे ही भावना रोज डोळ्यांसमोर असलेल्या नकाशाने पक्की केली, एवढे निश्चित म्हणता येते.

सप्टेंबर १९४० च्या ‘फॉर्च्यून’मध्ये हॅरिसन यांची तीन चित्रे एकत्र आली. फ्रान्स जूनमध्ये शरण गेला होता आणि ब्रिटनवर बाँबवर्षाव सुरू होता. या तीन चित्रांत अमेरिकेकडे बाहेरून पाहिलेले आहे : एकदा बर्लिनच्या बाजूने, एकदा टोकियोच्या बाजूने आणि एकदा व्हेनेझुएलातील काराकासच्या बाजूने. वाचकाला आपलाच देश अनोळखी कोनातून, लक्ष्य म्हणून दिसू लागला. चित्रात कोठेही खोटी माहिती नव्हती. किनारे, पर्वत, शहरे सर्व यथास्थित होती. बदलली होती ती केवळ पाहणाऱ्याची जागा.

उत्तर दिशा वर ठेवणे हा निसर्गाचा नियम नसून केवळ रूढी आहे, ही गोष्ट इतिहासाला ठाऊक होतीच. सिसिलीच्या दरबारात अल्-इद्रिसीने ११५४ मध्ये पूर्ण केलेल्या जगाच्या नकाशात दक्षिण वर आहे. युरोपातील मध्ययुगीन ख्रिस्ती नकाशांत पूर्व वर असे. हॅरिसन यांनी ही विसरलेली मोकळीक पुन्हा वापरली, एवढेच. मात्र त्यांनी ती वापरली विमानाच्या युगात, जेव्हा अंतराचा अर्थच बदलत होता.

क्षितिज असलेला नकाशा

हॅरिसन यांची पद्धती थोडक्यात अशी. पृथ्वीगोल हवा तसा फिरवून, हव्या त्या कोनातून त्याकडे पाहावयाचे, त्या दृश्याचा सांगाडा कागदावर उतरवावयाचा आणि मग हाताने पर्वत, पठारे, दऱ्या छायांकनाने उठावदार करावयाच्या. त्यामुळे त्यांच्या नकाशाला क्षितिज असते. पुढचा प्रदेश मोठा, मागचा लहान होत जातो आणि टोकाला पृथ्वीची वक्र कड दिसते. १९४० च्या दशकारंभी कोणत्याही माणसाने पृथ्वी इतक्या उंचीवरून पाहिलेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या कल्पनाशक्तीचे मोल ध्यानात येते.

पूर्वेकडून पाहिलेल्या युरोपचे चित्र या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. नेहमीच्या नकाशात युरोप हे स्वतंत्र, भरघोस खंड वाटते. येथे दर्शक रशियाच्या बाजूने पश्चिमेकडे पाहतो. पुढ्यात अफाट मैदान आहे, ते पश्चिमेकडे निमुळते होत जाते आणि युरोप हे आशियाचे एक टोक असल्यासारखे भासते. या मैदानात सैन्याला अडविणारा पर्वत नाही, ही गोष्ट पुस्तकी वर्णनातून समजण्यास परिच्छेदभर मजकूर लागला असता. चित्रात ती एका दृष्टिक्षेपात कळते.

अलास्काच्या बाजूने पाहिलेल्या जपानच्या चित्राचेही तसेच. सान फ्रान्सिस्कोहून जपानला जाण्याचा मार्ग हवाई बेटांवरून असावा असे मर्केटरचा नकाशा पाहून कोणालाही वाटते. प्रत्यक्षात होनोलुलूवरून गेल्यास सुमारे हजार मैल अधिक पडतात. बृहद्वृत्ताचा सर्वांत जवळचा मार्ग उत्तरेकडे, अल्युशियन बेटांच्या दिशेने वळतो. जपानने जून १९४२ मध्ये त्याच बेटांपैकी अट्टू व किस्का ताब्यात घेतली आणि ती परत मिळविण्यास अमेरिकेला १९४३ चा ऑगस्ट उजाडावा लागला.

पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर (७ डिसेंबर १९४१) नकाशांची मागणी एकाएकी वाढली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २३ फेब्रुवारी १९४२ रोजी आकाशवाणीवरून भाषण केले, ते श्रोत्यांनी जगाचा नकाशा समोर ठेवून ऐकावे अशी विनंती त्यांनी आधीच केली होती. मार्च १९४२ च्या ‘फॉर्च्यून’मध्ये हॅरिसन यांचा ‘एक जग, एक युद्ध’ या आशयाच्या शीर्षकाचा नकाशा प्रसिद्ध झाला. तो ध्रुवीय खमध्य प्रक्षेपणावर आधारलेला होता. मध्यभागी उत्तर ध्रुव आणि त्याभोवती जवळजवळ हात धरून उभे असलेले उत्तर अमेरिका, युरोप व आशिया हे त्याचे रूप. १९४४ मध्ये त्यांच्या नकाशांचा संग्रह नॉफ या प्रकाशनसंस्थेने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

दोष आणि आक्षेप

व्यावसायिक भूगोलतज्ज्ञांना ही चित्रे सहजी मानवली नाहीत. त्यांवर एकच प्रमाण लागू होत नाही, त्यामुळे अंतर मोजता येत नाही. उठाव अतिशयोक्त आहे, त्यामुळे टेकडीही पर्वत वाटते. हे आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खरे आहेत. परंतु हॅरिसन यांचा दावा एकाच नकाशाने जग दाखविण्याचा नव्हताच. एकाच नकाशाची सवय हाच त्यांना रोग वाटत होता आणि अनेक नकाशे शेजारी ठेवून पाहणे हा त्यावरचा उपाय. या वादात भूगोलतज्ज्ञांचा सूर काहीसा सोवळेपणाचा होता असे वाटल्यावाचून राहत नाही. त्याला अपवादही होते. जॉन के. राइट या भूगोलतज्ज्ञाने १९४२ मध्येच एका निबंधात, नकाशे काढणारी माणसेच असतात आणि त्यांच्या आवडीनिवडी नकाशात उतरतातच, असे मोकळेपणाने मांडले.

खरा गंभीर प्रश्न मोजमापाचा नाही, दृष्टीचा आहे. याच काळात जर्मनीत कार्ल हाउसहोफर यांच्या भूराजनीतीच्या वर्तुळातून बाण, वेढे व दाब दाखविणारे प्रचारकी नकाशे निघत होते आणि अमेरिकी अभ्यासक त्यांवर टीका करीत होते. मग हॅरिसन यांचे नकाशे प्रचारापासून किती दूर? त्यांनी माहितीत फेरफार केला नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. तरीही ज्या ल्यूस यांच्या मासिकासाठी ते काम करीत होते त्याच ल्यूस यांनी फेब्रुवारी १९४१ मध्ये ‘लाइफ’मधून विसावे शतक हे अमेरिकेचे शतक असल्याची घोषणा केली होती. जग जवळ आले आहे, म्हणून अमेरिकेने त्यात उतरले पाहिजे, हा संपादकीय विचार आणि उंचावरून खाली पाहणारा नकाशा यांचे नाते योगायोगाचे मानता येणार नाही. त्या चित्रांत माणसे दिसत नाहीत. दिसतो तो भूप्रदेश, जणू उड्डाणासाठी मोकळा ठेवलेला.

ध्रुवीय नकाशाचे ‘एक जग’ही सर्वांसाठी सारखे नव्हते. या प्रक्षेपणात ध्रुवापासून जितके दूर जावे तितके प्रदेश आडवे ताणले जातात. दक्षिण अमेरिका, आफ्रिकेचा दक्षिण भाग आणि ऑस्ट्रेलिया कडेला फेकले जातात. वसाहतींतील कोट्यवधी लोक या युद्धात ओढले गेले होते आणि भारतीय सैन्याची संख्या युद्धाच्या अखेरीस सुमारे २५ लाखांवर गेली होती. परंतु ध्रुवाभोवती जमलेल्या राष्ट्रांच्या त्या वर्तुळात हा देश मध्यापासून दूरच राहतो.

या गोष्टीचा पुढचा धागा संयुक्त राष्ट्रसंघाच्या बोधचिन्हात सापडतो. १९४५ च्या सान फ्रान्सिस्को परिषदेसाठी डॉनल मॅकलॉक्लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या चिन्हातही ध्रुवीय नकाशाच होता. तो हॅरिसन यांनी काढलेला नव्हता, पण हे प्रक्षेपण सामान्य वाचकाच्या डोळ्यांना सरावाचे करण्यात त्यांच्या नकाशांचा वाटा होता. मूळ चिन्हात उत्तर अमेरिका मध्यरेषेवर होती आणि नकाशा ४० अंश दक्षिण अक्षांशावर संपत होता. त्यामुळे अर्जेंटिनाचा दक्षिणेकडील भाग कापला गेला. डिसेंबर १९४६ मध्ये आमसभेने चिन्हास मान्यता दिली तेव्हा नकाशा ६० अंश दक्षिण अक्षांशापर्यंत वाढविण्यात आला होता आणि कोणताही एक देश ठळकपणे मध्यावर येऊ नये अशा रीतीने तो फिरविण्यातही आला होता.

युद्धोत्तर काळ

युद्ध संपल्यावर पुन्हा उत्तर दिशा वर असलेल्या नकाशांनी भिंती भरल्या. शालेय नकाशासंग्रहांनी हॅरिसन यांच्याकडून थोडेफार घेतले, पण फार नाही. त्यांच्या चित्रांना विचारण्यासारखा प्रश्न मात्र दुसऱ्या एका चित्रकाराने गमतीने विचारला. सॉल स्टाइनबर्ग यांनी मार्च १९७६ मध्ये ‘न्यू यॉर्कर’च्या मुखपृष्ठावर मॅनहटनच्या नवव्या रस्त्यावरून दिसणारे जग काढले. पुढे दोन-तीन रस्ते तपशीलवार, मग नदी, मग उरलेली अमेरिका एका चौकोनी पट्ट्यात, आणि त्यापलीकडे पॅसिफिक महासागर व दूरवर चीन, जपान, रशिया. उंचावरून दूरवर पाहण्याची रचना दोघांचीही आहे. हॅरिसन यांच्या वाचकाला त्या उंचीवरून जग जवळ आलेले दिसले होते, तर स्टाइनबर्ग यांच्या न्यूयॉर्ककराला आपल्या गल्लीपलीकडचे फारसे काही दिसत नाही.

हॅरिसन स्वतः मात्र कामात राहिले. अमेरिकेचा सरकारी राष्ट्रीय नकाशासंग्रह १९७० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील देशाच्या भूरचनेचे छायांकित चित्र त्यांच्या हातचे आहे. त्यात तिरका कोन नाही, क्षितिज नाही, आणि उत्तर दिशा वर आहे.