कानाने लावलेले इंजिन: तीन कार्ब्युरेटर आणि एक स्क्रू

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वारने 'ई-टाइप' सादर केली. तिच्या लांबलचक बॉनेटचे कौतुक पुष्कळ झाले आहे. हा थ्रेड त्या बॉनेटखालच्या तीन कार्ब्युरेटरांविषयी, आणि आपले मेकॅनिक ज्याला 'स्लो लावणे' म्हणतात त्या कामाविषयी आहे.

हे कार्ब्युरेटर 'एस.यू.' म्हणजे 'स्किनर युनियन'चे. जनक जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा इंग्लंडमधील 'लिली अँड स्किनर' या पादत्राणांच्या व्यापारी घराण्यातला. त्याच्या आरंभीच्या कार्ब्युरेटरातला भाता चामड्याचा होता, हे वाचून मला तरी हसू आले. पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. १९२६ मध्ये ही कंपनी मॉरिसकडे गेली.

रचना साधी आहे. इंजिन जितकी हवा ओढील तितका पिस्टन वर उचलला जातो. त्याच्या तळाशी असलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि पेट्रोलला वाट मोकळी होते. जेट थोडे खाली घेतले की मिश्रण 'रिच', वर नेले की 'लीन'.

वेगात असताना तीन कार्ब्युरेटरांतला किरकोळ फरक खपून जातो. इंजिन नुसते चालू ठेवून गाडी उभी असते, तेव्हा मात्र प्रत्येकातून जाणारी हवा इतकी थोडी असते की फरक लगेच जाणवतो: इंजिन थरथरते, धडपडते, बंद पडते. म्हणून आधी इंजिन पुरते तापवायचे. मग रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे आळीपाळीने प्रत्येक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा फुसकारा ऐकायचा. तिन्ही फुसकारे सारखे होईपर्यंत स्लोचे स्क्रू फिरवायचे.

त्यानंतर मिश्रण. एका कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम ०.८ मिलिमीटर उचलायचा आणि ऐकायचे. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण रिच. लगेच मंदावला तर लीन. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. एक कार्ब्युरेटर सुधारला की उरलेल्या दोघांचे गणित बदलते. म्हणून पुन्हा पहिल्यापासून. माहितीपुस्तिकेत ही कृती काही ओळींत उरकते, हातात मुरायला मात्र वर्षे लागतात.

इथे एक पेच आहे. पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. आयडलिंगला मिश्रण त्याहून थोडे रिच ठेवले की इंजिन अधिक संथ, सुरेल चालते, आणि कार्बन मोनॉक्साइडही अधिक सोडते. या वायूला ना आवाज, ना वास. कानाला जे उत्तम वाटते ते हवेसाठी उत्तम असेलच असे नाही, आणि कानाला ते कळण्याचा मार्गही नाही.

अमेरिकेत १९६८ च्या मॉडेलांपासून हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइडवर देशव्यापी मर्यादा आल्या. तिकडे जाणाऱ्या ई-टाइपवरचे तीन एस.यू. गेले, दोन स्ट्रॉमबर्ग आले. गाडीची ताकद घटली. पुढे मिश्रणाच्या स्क्रूवर फिरणे मर्यादित करणाऱ्या टोप्या आल्या, आणि १९८० च्या दशकात तेथे तो स्क्रू कारखान्यातच बंद होऊ लागला.

जुन्या गाड्यांचे चाहते याला कौशल्याची हत्या म्हणतात. त्यांचे दुःख खोटे नाही. पण मला तो आरोप अर्धवट वाटतो. कौशल्य फक्त इंजिनापुरते होते, धूर मात्र गाडीमागच्या रस्त्यावर चालणाऱ्यांच्या वाट्याला येत होता.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ ने चारचाकी पेट्रोल गाड्यांसाठी कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्के मर्यादा घातली. मोजणी आयडलिंगलाच. पीयूसी केंद्रात सायलेन्सरमध्ये नळी घालतात तेव्हा तपासला जातो तो हाच 'स्लो'.