ल्युसीनच्या रॅपरची कुळकथा

अंबाजोगाईच्या दासोपंतांच्या गीतार्णवात सव्वा लाख ओव्या असल्याचे सांगतात. त्याच अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी दाखवतात, आणि इतिहाससंशोधक राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली ती बीडच्या पाटांगणात. तिच्या आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिले, तेही रूप न् रूप हाताने वेचून. बीड जिल्ह्यातल्या या जुन्या मराठीत आज कुणाला संगणकाकडून शब्द हुडकून घ्यायचे झाले, तर तो बहुधा ल्युसीनपाशी जाईल.

ल्युसीन हे डग कटिंग यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस जावा भाषेत लिहिलेले ग्रंथालय, म्हणजे प्रोग्रामात जोडून वापरायचा तयार कोड. नाव त्यांच्या पत्नीचे मधले नाव. 2001 साली ते अपाचीकडे गेले. ग्रंथाच्या शेवटी असते तशी शब्दसूची ते आधीच करून ठेवते: कोणता शब्द कुठे कुठे आला आहे. त्यामुळे शोधताना सारा मजकूर वाचावा लागत नाही.

पण ल्युसीनला कळतात फक्त दस्तऐवज आणि त्यांतली फील्ड. ओवी अध्यायात असते आणि अध्याय ग्रंथात, हे त्याच्या गावीही नसते. ओवीचा पाठ सुधारला की जुनी नोंद काढा, नवी घाला, आणि सापडलेल्या फील्डांतून पुन्हा ओवी उभी करा. हे काम प्रोग्रामात जागोजागी लिहावे लागते. एक जागा राहून गेली तर डेटाबेसमध्ये नवा पाठ आणि सूचीत जुना, असा घोळ.

शाय बॅनन या प्रोग्रामरना हा जाच स्वयंपाकामुळे झाला. त्यांची पत्नी लंडनमध्ये पाककला शिकत होती आणि तिच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून ते प्रोग्राम लिहू लागले. कच्चे ल्युसीन हाताळणे कटकटीचे वाटल्याने त्यांनी त्यावर एक थर, म्हणजे रॅपर, चढवला. 2004 साली तो कंपास नावाने बाहेर आला. वर्गातली कोणती फील्ड शोधायची एवढे सांगून ठेवायचे. हायबरनेट या डेटाबेस-जोडणीच्या साधनाने ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवला की सूची आपोआप बदले.

सीनेट कंपनीत योनिक सीली यांनी त्याच सुमारास दुसरी वाट धरली. ल्युसीनला सर्व्हरमध्ये बसवून त्यांनी सोलर केले.

पुढे बॅनन यांना सूची अनेक यंत्रांवर वाटायची होती. कंपासची तिसरी आवृत्ती लिहायची तर बहुतेक सगळेच नव्याने लिहावे लागणार होते. मग 2010 साली त्यांनी इलॅस्टिकसर्च आणले. त्यात ऑब्जेक्ट जेसॉन होऊन एचटीटीपीवरून जातो, म्हणून जावाचीही सक्ती उरली नाही. आत मात्र ल्युसीनच. पाककृतींचा प्रोग्राम तेवढा राहून गेला.

मराठी मजकुरासाठी ल्युसीनवरच्या अशा थराचे मोल वेगळे आहे. 'पासोडी' शोधणाऱ्याला 'पासोडीवर', 'पासोडीच्या' हेही हवे असते. नुसता प्रत्यय छाटून भागत नाही, कारण 'आंब्याचा'मधून 'चा' काढला की हाती 'आंब्या' उरतो. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' टंकण्याचे दोन मार्ग आहेत: स्वतंत्र 'ऱ' वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, त्यामुळे जुन्या छापील प्रतींतले 'तेथें' आजच्या 'तेथे'ला सापडत नाही. सगळीच टिंबे पुसायची तर 'अंत'चा 'अत' होईल, म्हणून शब्दाच्या शेवटचेच टिंब काढायचे.

कच्च्या ल्युसीनवर काम करणाऱ्याला हे सगळे प्रत्येक ठिकाणी आठवणीने करावे लागते. रॅपरमध्ये ते ओवीच्या वर्गाशी एकदाच बांधता येते. दाखवण्यासाठी एक फील्ड, त्यात पाठ जसाच्या तसा. शोधण्यासाठी दुसरे, संस्कार केलेले. मात्र वाचकाने टाकलेला शब्दही त्याच संस्कारांतून गेला पाहिजे. सूची करताना टिंब काढले आणि प्रश्नात ठेवले, तर 'तेथें' टंकणाऱ्याला समोर असलेली ओवीही सापडणार नाही.