नदीतून कापलेली बटणं

घरातल्या सुईदोऱ्याच्या डब्यातलं एखादं जुनं पांढरं बटण उचला आणि गालाला लावून बघा. चटकन गार लागलं, आणि दोन-तीन क्षण गारच राहिलं, तर ते बहुधा शिंपल्याचं असणार. प्लास्टिक असं गार लागत नाही. मग ते उलटं करा. शिंपल्याच्या बटणाची मागची बाजू बऱ्याचदा ओबडधोबड असते. कधी एका कडेला पिवळट-तपकिरी डाग असतो, कधी बारीक खळगा. हा डाग म्हणजे त्या जिवाची बाहेरची साल. बटण होण्याआधी तो शिंपला जिवंत होता, बरीच वर्षं हळूहळू वाढला होता, याचा तेवढाच पुरावा बटणावर उरतो.

जुनी बटणं जमवणारे लोक रंग, नक्षी, भोकं किती, यावर तासन्‌तास बोलू शकतात. मला त्या तपकिरी डागाचं जास्त कुतूहल आहे. त्याचा माग काढत गेलं की आपण अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावरच्या मस्कटीन नावाच्या गावात पोचतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची वस्ती जेमतेम पंधरा हजारांच्या आसपास. १९०५ साली या गावात दीड अब्ज बटणं तयार झाली. म्हणजे दीडशे कोटी. जगातल्या एकूण बटणांपैकी एक तृतीयांशाहून जास्त, असं मस्कटीनमध्ये अभिमानानं सांगतात. इतकी बटणं कुठून आली? नदीच्या तळातून.

सुरुवात केली जॉन बेपल या जर्मन कारागिरानं. हॅम्बुर्गजवळच्या ओटेन्सनमध्ये तो शिंग, हाड, शिंपला यांची बटणं बनवायचा. अमेरिकेतल्या कुठल्याशा नदीतले जाड शिंपले त्याच्या हाती पडले होते आणि ते त्याच्या डोक्यात बसले होते. १८८७ साली तो अमेरिकेत आला. इलिनॉयमधल्या सँगमन नदीत आंघोळ करताना त्याचा पाय कापला, खाली बघतो तर तळभर शिंपले, अशी कथा सांगितली जाते. शिंपले मिळाले तरी धंदा लगेच जमण्यासारखा नव्हता, कारण युरोपातून येणारी बटणं स्वस्त होती. १८९० साली मॅकिन्ली यांच्या नावानं ओळखला जाणारा जकातीचा कायदा आला, परदेशी बटणांवर जबर कर बसला, आणि नदीतल्या शिंपल्याला एकदम किंमत आली. १८९१ साली बेपलनं मस्कटीनमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांची बटणं बनवायला सुरुवात केली. पाठोपाठ काठावरच्या गावागावांत कारखाने निघाले.

या शिंपल्यांची नावं नदीकाठच्या माणसांनी ठेवलेली आहेत आणि ती फार मजेशीर आहेत. एकाचं नाव ‘कपडे घासायची फळी’, दुसऱ्याचं ‘पिस्तुलाची मूठ’, तिसऱ्याचं ‘पैशाचं पाकीट’. एकाचं तर ‘टाच फाडणारा’! यातल्या पाकिटाची गंमत ऐकण्यासारखी आहे. या शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे माशाच्या कल्ल्यांना चिकटून जगतात. पण तळाशी रुतून बसलेल्या मादीनं मासा आणायचा कुठून? तर ती शिंपल्याच्या फटीतून आपल्या मांसाची एक झालर बाहेर काढून हलवते. ती झालर हुबेहूब छोट्या मासोळीसारखी दिसते, डोळ्यासकट. मोठा मासा खायला झेप घेतो आणि त्याच्या तोंडात पिल्लांचा फवारा उडतो. दिसत काहीच नसताना हे सोंग तिला कसं साधलं असेल, या विचारानं मी तरी चकित होतो.

हे शिंपले धरायची युक्ती मात्र साधी होती. लांब दांड्याला दोऱ्या, दोऱ्यांना बोथट आकडे, आणि हे सगळं होडीमागून तळावरून ओढत न्यायचं. शिंपला प्रवाहाकडे तोंड किंचित उघडं ठेवून बसलेला असतो. आकडा आत लागला की तो घाबरून मिटतो आणि आकडा घट्ट धरून ठेवतो. असे लटकलेले शिंपले वर ओढायचे, काठावरच्या छावणीत मोठ्या पिंपात उकडायचे, मांस काढून डुकरांना घालायचं. मांस काढताना बोटांनी चाचपायचं, एखादा मोती लागला तर नशीब. त्या उकडण्याची दुर्गंधी काठाकाठानं पसरायची.

कारखान्यात शिंपले आधी कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवायचे, नाहीतर ते कापताना तडकतात. मग कापणारा कामगार एकेक शिंपला पकडीत धरून नळीसारख्या गोल करवतीवर दाबायचा. एका दाबात एक चकती. भुकटी उडू नये म्हणून करवतीवर सतत पाणी, त्यामुळे माणूस दिवसभर ओला. तरीही भुकटी छातीत जायची, बोटं कापायची, आणि त्या कुजक्या पाण्यानं जखमा चिघळायच्या. १९०४च्या सुमारास मस्कटीनच्याच बॅरी कुटुंबानं चकतीला आकार देणारं आणि भोकं पाडणारं यंत्र बनवलं. त्यात चकत्या भरायच्या कामावर बायका आणि मुली बसल्या. तयार बटणं पुठ्ठ्यावर टाचायचं काम घरोघरी जायचं. तिथे आईबरोबर मुलंही टाचत बसायची.

मजुरी नगावर, म्हणजे ग्रोसवर. ग्रोस म्हणजे बारा डझन, १४४. पण कापणाऱ्यांकडून चौदा डझन मोजून घ्यायचे आणि पैसे बारा डझनाचे द्यायचे. १६८ चकत्या कापा, १४४ची मजुरी घ्या. चोवीस चकत्या फुटक्या निघतील असं गृहीत धरून, मालकानं स्वतःपुरता केलेला हिशोब! १९१० साली कामगारांनी संघटना काढली. १९११च्या फेब्रुवारीत मालकांनी कारखान्यांना टाळी ठोकली. पुढे दंगली झाल्या, गव्हर्नरनं सैनिक पाठवले. विशीही न गाठलेली पर्ल मॅकगिल ही बटण कामगार मुलगी शहराशहरांत फिरून संपासाठी पैसे गोळा करत होती. (पर्ल म्हणजे मोती. हे नाव मी रचलेलं नाही.) संप अखेर मोडला. पर्ल पुढच्याच वर्षी लॉरेन्सच्या कापड गिरण्यांच्या संपात दिसते.

तोवर नदीही रिकामी होत आली होती. एक मोठा शिंपला व्हायला वर्षानुवर्षं लागतात. त्यातून पाच-सात चकत्या निघाल्या की उरलेला भोकाभोकांचा शिंपला ढिगावर. असे चाळणी झालेले शिंपले रस्त्यांच्या भरावात गेले, आणि आजही त्या काठांवर सापडतात. शिंपले कमी पडू लागल्यावर सरकारनं मस्कटीनजवळ फेअरपोर्ट इथे एक जीवशास्त्रीय केंद्र उघडलं. शास्त्रज्ञ माशांच्या कल्ल्यांवर शिंपल्यांची पिल्लं चिकटवून ते मासे नदीत सोडायचे. या कामात त्यांनी सल्लागार म्हणून कुणाला घेतलं? बेपललाच. भागीदारांशी बिनसून तो स्वतःच्या कारखान्यातून केव्हाच बाहेर पडला होता. नदीत शिंपले शोधत असताना पुन्हा एकदा त्याचा पाय शिंपल्यानं कापला. या वेळी जखम चिघळली, विष अंगात भिनलं आणि जानेवारी १९१२मध्ये तो गेला.

नद्यांचं पुढे जे झालं ते सगळं बटणांच्या माथी मारता येणार नाही. धरणं बांधली गेली, शहरांची घाण आली, शेतांतली माती वाहून आली. पण ‘हिगिन्सचा डोळा’ म्हणतात तो शिंपला, ज्याची सुंदर बटणं होत, तो १९७६पासून अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे.

बटणांचा धंदा संपवला तो प्लास्टिकनं आणि कपडे धुण्याच्या यंत्रानं. गरम पाणी, कडक पावडर आणि यंत्रातली आपटाआपट शिंपल्याच्या बटणाला सोसत नाही. जुनी बटणं सांभाळायची असतील तर हाच इतिहास उलटा वाचायचा. कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लगेच कोरड्या फडक्यानं पुसणं, बस. व्हिनेगर किंवा लिंबू अजिबात लावू नका. शिंपला मुळात खडूच्याच जातीचा, त्यामुळे आंबटानं तो विरघळतो आणि चमक कायमची जाते. घट्ट लाकडी खोक्यात किंवा साध्या पुठ्ठ्यावर वर्षानुवर्षं ठेवलेल्या शिंपल्यावर पांढरी भुकटी धरते, तीही लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफेमुळे. एकाच डब्यात सगळी जुनी बटणं कोंबणं तर घातकच. सेल्युलॉइडचं बटण (चोळल्यावर कापराचा वास येतो ते) जुनं झालं की आपल्या वाफांनी शेजाऱ्यांनाही खराब करतं. ते ओळखायला तापलेली सुई टोचायचा सल्ला तुम्हाला कुणी दिला तर ऐकू नका. सेल्युलॉइड भुर्रकन पेटतं.

आणि वापरायची असतील तर? जरूर वापरा. शिंपल्याच्या बटणाच्या भोकांच्या कडा धारदार असू शकतात, म्हणून दोऱ्याला मेण लावा आणि टाके घालताना बटणाखाली आगपेटीची काडी ठेवा. काडी काढली की बटणाला थोडी मान मिळते. धुण्याच्या प्रश्नावर आपल्याकडे जुना तोडगा आहेच. सोन्याचांदीची साखळीची बटणं झब्ब्याला कायमची शिवत नसत. झब्ब्याच्या दोन्ही पट्ट्यांना काजं असत, आणि धुवायला टाकताना बटणं काढून घेत. शिंपल्याच्या बटणांनाही हेच करता येतं. बटणं एका अरुंद फितीवर शिवायची, कपड्याच्या दोन्ही बाजूंना काजं करायची, फीत आतून घालायची आणि धुताना ओढून काढायची. शिंप्याला ‘दोन्हीकडे काजं’ एवढं सांगितलं तरी पुरतं. त्याच्या तोंडचा हा काज शब्दही पोर्तुगीज ‘काझा’वरून आलेला आहे. काझा म्हणजे घर, आणि पोर्तुगीज माणूस बटणाच्या भोकालाही घरच म्हणतो. बंद बांधायच्या बाराबंदीला असल्या घरांची गरज नव्हती.

मस्कटीनमध्ये शिंपले कापणं १९६०च्या दशकात थांबलं, तरी मिसिसिपीच्या खोऱ्यातले शिंपले पकडणं थांबलं नाही. आता गिऱ्हाईक होतं जपान. समुद्रातल्या कालवाच्या पोटात कृत्रिमरीत्या मोती वाढवायचा तर आधी एक गोल मणी ठेवावा लागतो, आणि त्या मण्यासाठी मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या जाड शिंपल्याइतकं चांगलं दुसरं काही मिळत नव्हतं. तसा जपानी मोती मधोमध कापला, तर बाहेर समुद्राचा पातळ थर दिसतो आणि आत, जवळजवळ सगळा, त्याच नदीतला शिंपला.