कर्करोगोत्तर प्रतिमातपासणी
कर्करोगावरील उपचार झाल्यावर रोग आटोक्यात आहे की उलटला आहे, हे पाहण्यासाठी केलेल्या एक्स-रे, सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सीटी, एमआरआय, पेट-सीटी इ. तपासण्या आणि त्यांच्या अहवालांचे वाचन. या वाचनाचे मुख्य सूत्र तुलनेचे आहे : सुटा अहवाल अर्धेच सांगतो, उरलेले मागच्या फिल्ममध्ये असते. राधानगरी (जि. कोल्हापूर) सारख्या तालुक्यातील रुग्णाला हे सूत्र विशेष लागू पडते. शस्त्रक्रिया कोल्हापुरात, पुढचा सल्ला मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्था. 1941) आणि स्कॅन तिसऱ्याच केंद्रात, अशी वाटणी झाली की जुन्या नोंदी एकत्र ठेवणारा रुग्णच उरतो.

फुप्फुसातील 6 मिमी. गाठीचे उदाहरण घेऊ. दोन वर्षांपूर्वीच्या सीटीतही ती तेवढीच असेल, तर बहुधा तो जुना व्रण ठरतो. नव्याने उगवली असेल, तर लक्ष ठेवावे लागते. फुप्फुसातील गाठींविषयीची फ्लाइश्नर सोसायटीची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे कर्करोग झालेल्यांना लागू नाहीत, म्हणून इथे पूर्वेतिहासच निर्णायक होतो. मोजमापातही एक-दोन मिमी.चा फरक सहज पडतो. त्यामुळे औषध-चाचण्यांतील 'रेसिस्ट 1.1' (2009) या निकषात मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज आधीच्या किमान बेरजेपेक्षा 20 टक्के आणि निदान 5 मिमी. वाढली, किंवा नवी गाठ दिसली, तर रोग वाढला असे धरतात. पेट-सीटीत ग्लुकोजसदृश किरणोत्सारी द्रव्य टोचतात. ते कर्कपेशींप्रमाणे क्षयाच्या गाठीत, भरत्या जखमेत आणि किरणोपचाराच्या सुजेतही साठते. क्षयरोग सर्रास आढळणाऱ्या आपल्या देशात उजळलेला ठिपका म्हणजे कर्करोगच, असे म्हणता येत नाही. शंका राहिल्यास गाठीचा तुकडा तपासूनच निकाल लागतो.

रिपोर्टच्या शेवटी निष्कर्ष छापलेला असताना जुनी फिल्म कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण 'तुलनेसाठी पूर्वीची तपासणी उपलब्ध नाही' अशी ओळ रिपोर्टमध्ये असेल, तर तो निष्कर्ष त्या एका दिवसापुरताच असतो. मग खात्रीसाठी वारंवार पेट-सीटी का करू नये? जितके स्कॅन, तितके निरुपद्रवी ठिपके, त्यांच्यामागे नाहक बायोप्सी आणि किरणांची भर. म्हणूनच स्तनाच्या कर्करोगानंतर तक्रार नसलेल्या स्त्रीला वर्षातून एकदा मॅमोग्राफी सुचवतात, सरसकट पेट-सीटी नव्हे. हे सारे डॉक्टरांचे काम, हेही पुरते खरे नाही. तुलना डॉक्टर करतील. तिचे साहित्य रुग्णाने पुरवायचे असते. प्रत्येक स्कॅनची सीडी व रिपोर्ट तारखेनुसार एका फाईलमध्ये ठेवावेत आणि नव्या केंद्रात कर्करोगाचा प्रकार, शस्त्रक्रियेची व शेवटच्या किरणोपचाराची तारीख आधी सांगावी. नवी गाठ, न थांबणारा खोकला किंवा हाडांचे दुखणे जाणवले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.