केईएम रुग्णालयाची शंभर वर्षे : परळच्या कामगारवस्तीतील रुग्णसेवेचा वारसा

मुंबईच्या परळमधील केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. २०२६ मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. किंग एडवर्ड मेमोरियल हे त्याचे पूर्ण नाव कुणी घेत नाही. गिरणगावापासून कोकणातल्या खेड्यापर्यंत सगळ्यांसाठी ते 'केईएम'च. आपल्या समाजातील किती तरी कुटुंबांत कुणाचा तरी जन्म, कुणाचे तरी ऑपरेशन, कुणाचा तरी शेवटचा श्वास या रुग्णालयाशी जोडलेला आहे. म्हणून त्याचा इतिहास आंबेडकरी तरुणांनी माहीत करून घेतला पाहिजे.

स्थापना : स्वाभिमानाची अट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत वैद्यकीय शिक्षणाचे मुख्य केंद्र म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय. तिथली वरची पदे प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत. भारतीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याला दुय्यम जागा मिळे. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली की, येथील अध्यापक भारतीयच असतील. त्यातून सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय उभे राहिले. रुग्णालयाची इमारत गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता, जे पुढे १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

नाव इंग्रज राजाचे, पण काम भारतीयांच्या हातात, अशी ही संस्था. मात्र 'भारतीय' म्हणजे कोण, हा प्रश्न त्या अटीने सुटला नाही. इंग्रजांनी अडवलेला दरवाजा उघडला, तरी जातीने अडवलेला दरवाजा बंदच होता. अस्पृश्य समाजातील मुलगा डॉक्टर म्हणून त्या दरवाजातून आत जाण्यासाठी दुसरी चळवळ लागणार होती, आणि ती त्याच काळात त्याच परळमध्ये उभी राहत होती.

बाबासाहेबांचे परळ

परळ हा गिरणी कामगारांचा भाग. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ या काळात परळच्या बीआयटी चाळीत राहिले. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी सभा बोलावली आणि त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. एका बाजूला रुग्णालय उभे राहत होते आणि दुसऱ्या बाजूला त्या रुग्णालयात येणाऱ्या माणसांना माणूसपण मिळवून देणारी चळवळ.

आरोग्य हा बाबासाहेबांच्या राजकारणाचा भाग होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्यामुळे त्याच्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये हा कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेवर काम झाले आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्याच पायावर उभा राहिला. उपचार हा दानाचा नाही, हक्काचा विषय आहे, हा विचार इथून आलेला आहे.

वैद्यकातील टप्पे

१९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. जगातील पहिले प्रत्यारोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण वाचू शकला नाही, पण एका महापालिका रुग्णालयाने ही झेप घेतली होती. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि संशोधक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून येथे टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदी असलेले हे भारतातील पहिले असे बाळ.

आज येथे अठराशेहून अधिक खाटा आहेत आणि वर्षाला लाखो बाह्यरुग्ण केसपेपर काढतात. शेजारीच हाफकिन संस्था, वाडिया रुग्णालये आणि टाटा मेमोरियल असल्याने परळ हा देशातील गरिबांच्या उपचाराचा एक मोठा पट्टा झाला आहे.

बेचाळीस वर्षांची शुश्रूषा

केईएमचा सर्वात मोठा वारसा मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये नाही, एका वॉर्डात आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी येथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. पिढ्या बदलल्या, ज्यांनी अरुणाताईंना चालता-बोलताना कधी पाहिलेही नव्हते अशा मुली सेवेत आल्या, पण भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे थांबले नाही. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचा गौरव केला.

हे वाचताना बौद्ध वाचकाला विनयपिटकातील महावग्गाची आठवण येईल. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला भगवान बुद्धांनी पाहिला. त्याने इतरांसाठी कधी काही केले नाही, म्हणून त्याची सेवा कुणी करत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला अंथरुणावर ठेवले. मग त्यांनी भिक्खूंना समजावले की, इथे तुमची आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना पाहिले पाहिजे. आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा, हा त्या उपदेशाचा अर्थ. चांगल्या शुश्रूषकाला औषध देता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये आणि रुग्णाला धीर द्यावा, असे तिथे सांगितले आहे. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या उपचारांची व्यवस्था केल्याचे नोंदवले. आपल्याकडे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीमाईंनी १० मार्च रोजी प्राण सोडला. मलमूत्राला हात लावणाऱ्याला हलका मानणारी संस्कृती एकीकडे आणि त्या हातालाच श्रेष्ठ मानणारी ही परंपरा दुसरीकडे.

शताब्दी आणि आपण

म्हणूनच शताब्दीच्या समारंभात मोठ्या डॉक्टरांसोबत परिचारिका, आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांचीही नोंद झाली पाहिजे. रुग्णालयांच्या सफाईचे काम पिढ्यानपिढ्या प्रामुख्याने दलित समाजाने केले आहे. त्या कामाचे कंत्राटीकरण म्हणजे त्यांच्या घरातील कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी आणि मुलांचे शिक्षण यांवर घाव आहे.

दुसरा प्रश्न शिकणाऱ्यांचा. आरक्षणातून आमची मुले-मुली आज डॉक्टर होत आहेत. परंतु २००७ च्या थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधील जातिभेद पुढे आणला होता आणि २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर जातीय छळाच्या आरोपांनी देश हादरला. दरवाजातून आत गेल्यावरही लढाई संपत नाही.

तिसरा प्रश्न सार्वजनिक रुग्णालये टिकवण्याचा. पैसेवाल्याला पर्याय आहेत, आपल्या वस्तीला केईएम, सायन, नायरच आहेत. म्हणून कार्यकर्त्यांनी काही गोष्टी हाताशी ठेवाव्यात. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणे बंधनकारक आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची माहिती प्रत्येक विहारात लावता येईल. बाहेरगावाहून आलेल्या रुग्णासोबत केसपेपरच्या रांगेत उभे राहणारे दोन तरुण प्रत्येक वस्तीत तयार करता येतील. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आरोग्य शिबिरात राबणारे आपले डॉक्टर हे करतातच. ते काम वर्षभर चालले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!