मेगॅथेरियम

हिमयुगांचा कालखंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लाइस्टोसीन युगात (सुमारे 26 लाख ते 11,700 वर्षांपूर्वी) दक्षिण अमेरिकेत वावरणारा, आता निर्वंश झालेला सस्तन प्राणी. झाडांवर उलटे लटकणारे आजचे छोटे स्लॉथ त्याचे नातलग असले, तरी हा प्राणी भूचर होता. मेगॅथेरियम अमेरिकॅनम या सर्वपरिचित जातीची लांबी सुमारे 6 मी. आणि वजन सुमारे 4 टन, म्हणजे हत्तीएवढे, होते.

शोध : अर्जेंटिनातील लुहान नदीकाठी सापडलेला सांगाडा 1788 मध्ये माद्रिदला पोहोचला आणि हुआन बाउतिस्ता ब्रू यांनी तो जुळवून उभा केला. त्याच्या चित्रांवरून झॉर्झ क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1796 मध्ये या प्राण्याचे स्लॉथांशी नाते ओळखून त्याला नाव दिले. पुढे 1832 मध्ये चार्ल्स डार्विन यांनीही पुंता आल्ता येथे भूचर स्लॉथांचे जीवाश्म गोळा केले.

शरीररचना व जीवनक्रम : पायांचे तळवे आत वळलेले असल्याने शरीराचा भार पावलांच्या बाहेरील कडेवर येई. भक्कम मागील पाय आणि जाड शेपूट यांच्या आधाराने तो ताठ उभा राहू शके व पुढील पायांच्या लांब नखांनी फांद्या खाली ओढू शके. त्याच्या 18 दातांवर एनॅमल, म्हणजे दातांचे कठीण बाह्य आवरण, नव्हते. मात्र ते आयुष्यभर वाढत राहत असल्याने पाला चावून होणारी झीज भरून निघे.

ऱ्हास : प्लाइस्टोसीनच्या अखेरीस तापमान व वनस्पतिजीवन बदलत असतानाच मानव दक्षिण अमेरिकेत पसरला. अर्जेंटिनातील काम्पो लाबोर्दे येथे, एका प्राचीन दलदलीच्या काठी, दगडी हत्यारांसोबत मिळालेल्या अवशेषांवरून सुमारे 12,600 वर्षांपूर्वी या प्राण्याची शिकार होऊन मांस कापले गेल्याचे दिसते. शिकार आणि हवामानबदल यांतील प्रमुख कारण कोणते, याविषयी मतभेद आहेत. तथापि भूचर स्लॉथांनी हिमयुगातील थंड-उष्ण कालखंडांची अनेक आवर्तने पचवली होती, आणि क्यूबातील लहान भूचर स्लॉथ तर मुख्य भूमीवरील भाऊबंद संपल्यावरही हजारो वर्षे टिकून राहिले व तेथे मानवी वस्ती होऊ लागल्याच्या सुमारास नाहीसे झाले. त्यामुळे केवळ हवामानबदलाने या ऱ्हासाचा पुरेसा उलगडा होत नाही. मानवाचा वाटा त्यात मोठा असावा, असे मानण्यास सबळ आधार मिळतो.